चिखलाची फी

आखाजीला असोद्यात दोन गोष्टी हमखास तापतात. एक जळगावचा पारा, दुसरे आमचे अप्पा. अप्पा म्हणजे माझे चुलते. उभं आयुष्य चित्रकलेचे मास्तर, आता निवृत्त. त्यांना तापवायला दरवर्षी पुण्याहून माहेरी येते ती माझी थोरली बहीण. खानदेशात आखाजी हा लेकींचा सण. झाडाला झोका, घरात सांजोऱ्या, आणि पूर्वजांच्या नावानं पाण्यानं भरून ठेवलेली मातीची घागर, तिच्यावर खरबूज नि आंबे. यंदाचा वाद त्या घागरीपाशीच पेटला.

अप्पांनी जाहीर केलं, मागचा गोठा रिकामाच आहे, तो झाडून-सारवून तिथं मुलांसाठी मातीकामाचा स्टुडिओ काढायचा. ‘स्टुडिओ’ हा त्यांचाच शब्द. चाक असेल, भट्टी असेल, रविवारी जळगाव-भुसावळहून आईबाप पोरं घेऊन येतील आणि फी देतील. वाचणाऱ्याला वाटेल, गावातला म्हातारा मातीची थोरवी गाणार आणि शहरातली लेक स्टुडिओचं कौतुक करणार. आमच्याकडे उलटं झालं. ताईनं दोन्ही मुलांना घेऊन पुण्यातले असले स्टुडिओ पुष्कळ पालथे घातले आहेत आणि ती त्यांना कंटाळली आहे. अप्पांनी असला स्टुडिओ आतून कधी पाहिलेला नाही. त्यामुळे दोघंही ठाम होते.

ताई : अप्पा, असोद्यात चिखलाला फी? पोळ्याला आम्ही शेतातल्या काळ्या मातीचे बैल करायचो. कोणी पैसे मागितले होते?

अप्पा : त्यातला एक बैल दाखव.

ताई : म्हणजे?

अप्पा : दरवर्षी करायचीस ना? एक तरी उरला असेल.

ताई : कच्चे होते ते. पोळा सरला की विरघळायचे.

अप्पा : पोळ्यापर्यंत तरी धड राहायचे का? आपली काळी माती ही कपाशीची माती. पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्याच तुझ्या बैलाला पडायच्या. आधी शिंग गळायचं, मग वशिंड. कुंभार ती माती तशीच घेतो का? तो गाळाची माती आणतो, चाळतो, तिच्यात राख नाहीतर लीद घालतो, तुडवतो, मुरवत ठेवतो. शिंग चिकटवायचं तर दोन्हीकडे ओरखडे काढून मध्ये पातळ चिखलाचा हात द्यावा लागतो, नुसतं दाबून भागत नाही. हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं?

ताई : कोणी नाही. शिंग गळलं की रडायचं आणि दुसरं करायचं.

अप्पा : आणि तेही गळायचं. वर्षानुवर्षं तोच बैल, तीच भेग. याला तू शिकणं म्हणतेस?

ताई : आणि पुण्यात काय शिकतात ते ऐका. दोन तासांचे एका मुलामागे हजाराच्या आसपास. गेल्या गेल्या गळ्यात एप्रन. मूल चाकावर बसतं, मागून एक दादा त्याच्या हातांवर हात ठेवतो, आणि बघता बघता भांडं वर येतं. आईबाप समोरून व्हिडिओ काढतात. खरं काम दादाचे तळवे करतात, पोराचा अंगठा नुसता प्रवासाला गेलेला असतो. तीन आठवड्यांनी निळा चकचकीत मग घरी येतो. माझा धाकटा म्हणाला, हा माझा नाही. आणि नव्हताच तो त्याचा.

अप्पा : मग ती चाकाची चूक. लहान पोराला चाकावर बसवावंच कशाला? मातीचा गोळा फिरत्या चाकाच्या बरोबर मधोमध बसवणं, हीच खरी विद्या. त्याला खांद्यातला जोर लागतो, कोपर मांडीला टेकवून स्थिर धरावं लागतं. मोठ्या माणसाला जमायला महिने जातात. सहा वर्षांच्या पोराला दोन तासांत कसं जमेल? माझ्याकडे लहानांना चाक नाहीच. गोळ्यात अंगठा घालून चिमटीनं वाटी करायची. मातीच्या वळकट्या करून एकावर एक रचायच्या नि आतून सांधे पुसून घ्यायचे. पापडासारखी लाटून कापायची. माणसानं चाक शोधण्याआधी भांडी अशीच केली.

ताई : मग लोक येणार कशाला? लोक चाकासाठी येतात, अप्पा. सिनेमात तेच दिसतं.

अप्पा : नाही आले तर नको येऊ देत.

इथे मी ताईकडे पाहिलं. फी घ्यायला निघालेला माणूस गिऱ्हाईक आलं नाही तरी चालेल म्हणतो, यातच अप्पांच्या धंद्याचं भविष्य कळत होतं. पण त्यांचा मुद्दा बिनतोड होता. आठ-नऊ वर्षांखालच्या मुलाला चाकावर बसवून जे भांडं निघतं ते दुसऱ्याच्या हातचं असतं. असल्या सहलीला जाणाऱ्या आईबापांनी आधी एवढंच विचारावं, की मूल स्वतःच्या हातानं काय करणार? उत्तरात फक्त चाकच आलं तर मूल मोठं होईपर्यंत थांबलेलं बरं.

ताई : पण मूळ प्रश्न राहिलाच. हाताने वळकट्याच करायच्या तर अंगण काय वाईट? छप्पर घातलं की फी कशी लागू होते?

अप्पा : फी छपराची नाही, आगीची. तुझ्या अंगणात सगळं आहे, फक्त भाजणं नाही.

ताई : भाजून काय मोठं होतं?

अप्पा : सगळं होतं. कच्ची वाळलेली वाटी पाण्यात टाक, पुन्हा चिखल. साधारण 600 अंशांच्या पुढे गेली की मातीच्या कणांनी धरून ठेवलेलं शेवटचं पाणीही निघून जातं, आणि ती माती परत कधी चिखल होत नाही. चार हजार वर्षांनीही नाही. तापीकाठी सावळद्याला सापडली ती खापरं बघ. इसवी सनापूर्वी 2000 च्या आसपासची. त्यांच्यावर मासे काढलेत, पक्षी काढलेत, बाणाची टोकं काढलीत. धुळे जिल्ह्यातल्या कावठ्यालाही त्याच संस्कृतीची वस्ती निघाली. त्या काळी पोरांनी कच्च्या मातीचे बैल केलेच नसतील का? केले असतील, पण विरघळले. भाजलेलं तेवढं राहिलं.

ताई : प्रत्येक गोष्ट चार हजार वर्षं टिकायलाच हवी का?

अप्पा : नको. पण काहीच टिकणार नसेल तर पोर ते काम गंभीरपणे कशाला करेल? तू असोद्याची ना? बहिणाबाई 1880 साली याच गावात जन्मल्या. शाळेचं तोंड पाहिलं नाही, कुठल्या वर्गाला गेल्या नाहीत. तू म्हणशील, बघा, अंगणातच घडल्या.

ताई : म्हणणारच होते.

अप्पा : मग पुढचंही म्हण. त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, आणि भावकीतल्या दुसऱ्या एकानं त्या ओव्या कागदावर उतरवून घेतल्या म्हणून आज आपल्याकडे आहेत. बहिणाबाई गेल्यावर, 1952 साली, आचार्य अत्र्यांच्या खटपटीनं पुस्तक निघालं. जात्यावर म्हटलेलं आणि कोणीच न उतरवलेलं किती वाहून गेलं असेल! अंगणात घडतं हे खरं, पण राखणारं कुणीतरी लागतं. स्टुडिओचं काम राखण्याचं.

ताई थोडी गप्प झाली. असोद्यात वाद घालताना बहिणाबाईंना मध्ये आणणं हे क्रिकेटमध्ये तिसऱ्या पंचाला बोलावण्यासारखं आहे. निकाल मान्य करावाच लागतो. पण ती पुण्याला वीस वर्षं काढलेली बाई. तिनं दुसरीकडून हात घातला.

ताई : बरं, आग. ती कोण लावणार? तुम्ही?

अप्पा : आपले कुंभारबाबा आहेत ना.

ताई : आणि त्यांना काय देणार?

अप्पा : मानधन देऊ.

ताई : शाल-नारळ देऊन बोळवणार असाल तर मी आत्ताच उठते. पुण्यातल्या स्टुडिओत शिकवणारी मुलगी कला महाविद्यालयातून आलेली असते, तिला पगार असतो. चांगलं आहे, असावाच. पण ज्या घरात ही विद्या पिढ्यानपिढ्या आहे त्या घरातला माणूस तिथं कुठे दिसतो? माती आणून टाकणारा म्हणून सुद्धा नाही. आता तर माती पिशव्यांत येते. आपल्या बाबांचा मुलगा कुठे असतो?

अप्पा : जळगावला. एमआयडीसीत. प्लास्टिकच्या चटयांच्या कारखान्यात.

ताई : बघा. बापाचे माठ ज्या प्लास्टिकनं खाल्ले, मुलगा त्याच प्लास्टिकच्या मशीनवर उभा आहे. आणि आपण त्याच्या पोरांच्या वयाच्या मुलांना चिखलात हात घालायला फी लावणार. चिखल एकाला छंद आणि एकाला हलकं काम, हे मला बोचतं. तुमच्या वर्गात होती ना कुंभाराची मुलं? ती कधी म्हणाली, मला माती येते?

अप्पा : कधीच नाही. एकजण होता. उत्तम हात. कार्यानुभवाच्या तासाला मी माती आणवली तर मागच्या बाकावर जाऊन बसला. बाकीच्यांनी चिडवलं असतं. त्यानं कागदावर फुलं काढली, नखं स्वच्छ ठेवली. मला तेव्हा काही सुचलं नाही.

ताई : आता सुचवा. बाबांना पुढे बसवा, तुम्ही मागे बसा. शिकवणारे तेच. रोज ठरवा आणि चांगला ठरवा. त्यांचा नातू फी न देता पहिल्या रांगेत. हे होणार असेल तर फी घ्या, मी स्वतः गोळा करून देते.

अप्पांनी मान हलवली. त्यांना पटलं होतं की ते नुसते दमले होते, सांगता येत नाही. पण इथे ताईनं कबूल केलेली गोष्टही नोंदवली पाहिजे, कारण ती तिच्या बाजूच्या विरुद्ध जाते.

अप्पा : एक विचारू? तुझ्या पोरीला चाकावर कुठे बसायला मिळालं?

ताई : पुण्यात. स्टुडिओत.

अप्पा : आपल्या कुंभारवाड्यात बसली असती?

ताई : नाही. बायका माती मळतात, वाहतात, पणत्या करतात, रंगवतात, बाजारात विकतात. चाक मात्र पुरुषाच्या हाताखाली. लहानपणी मी एकदा हात लावला होता तर आजी ओरडल्या होत्या, बाई माणसानं चाकाला शिवू नये म्हणून.

अप्पा : मग तो चकचकीत स्टुडिओ एवढ्यापुरता बरा म्हणायचा की नाही?

ताई : एवढ्यापुरता बरा. तिथं कुणी तिची जात विचारली नाही, मुलगी म्हणून अडवलं नाही. ते मी नाकारत नाही.

अप्पा : आणि आता विजेची चाकं आलीत. खादी ग्रामोद्योग आयोगानं 2018 पासून कुंभारांना द्यायला घेतली. पूर्वीचं जड चाक काठी घालून गरगरवायचं, त्यात निम्मा जोर जायचा. बटणावर फिरणाऱ्या चाकाला काय, आजी बसली तरी चालतं.

या वादात मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते हेच. जुन्या अंगणाबद्दल आपण हळवे होतो तेव्हा त्या अंगणातही आत कोण आणि बाहेर कोण हे ठरलेलं होतं, ते सोयीनं विसरतो. आणि स्टुडिओनं दार उघडलं ते फक्त ज्यांच्या खिशात हजार रुपये आहेत त्यांच्यासाठी, हेही तितकंच खरं. अप्पांचा गोठा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी उभा राहिला तर त्याला अर्थ आहे.

काकूंनी आतून आवाज दिला, “जेवण गार होऊन राह्यलं, आता तरी उठा.” खापरावरची पुरणपोळी होती. ज्या पालथ्या खापरावर ती एवढी मोठी आणि पातळ पोळी भाजली जाते तेही कुंभाराच्याच हातचं. तिथं वाद थांबेल असं वाटलं होतं, तर जेवताना तो शाळेवर गेला.

ताई : हे सगळं शाळेत का होत नाही? रविवारी पैसे मोजून जावं लागतं याचा अर्थ सोमवार ते शनिवार मुलाच्या हाताला काम नाही.

अप्पा : हे तू मला सांगतेस? चाळीस मिनिटांचा तास, साठ पोरं, आठवड्यातून दोनदा. माती वाटेपर्यंत घंटा व्हायची. मग झाडलोट कोण करणार म्हणून शिपाई रागवायचा. पाच-सहा पोरं चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षेला बसली की मास्तर चांगला. माती परीक्षेत नव्हती, म्हणून माती वर्गात नव्हती.

ताई : बोर्डी-कोसबाडला कसं जमलं मग? ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. माँटेसोरीबाईंची लाकडी साधनं महाग, मग त्यांनी नि अनुताई वाघांनी शंख-शिंपले, बिया, पानं, माती हीच साधनं केली. तिथं फी कुठे होती?

अप्पा : ताराबाई-अनुताई होत्या म्हणून जमलं. आणि हे खूळ आपल्या जिल्ह्याला काही नवं नाही. 1936 च्या डिसेंबरात तापीपलीकडे फैजपूरला काँग्रेस भरली. खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. मंडप सजवायला शांतिनिकेतनहून नंदलाल बोस आले. गांधींची अट होती की सजावट गावात मिळेल त्याच वस्तूंची. बांबू, चटया, माती, गावचे कारागीर. एवढा मोठा चित्रकार आपल्या यावल तालुक्यात येऊन बांबू बांधत होता. दुसऱ्याच वर्षी वर्ध्याला नई तालीमचा ठराव झाला, हस्तव्यवसायातून शिक्षण.

ताई : आणि ती टिकली नाही. आईबापांना वाटलं, पोराला शाळेत घालतो ते सूत काततानाच बघायला का?

अप्पा : आता पुन्हा आलंय. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवलेत. गावच्या सुताराकडे, माळ्याकडे, कुंभाराकडे जाऊन काम शिकायचं. कुंभार हा शब्द त्या धोरणात आहे, मी वाचलाय.

ताई : मग शाळेला सांगा ना, की दहातले दोन दिवस बाबांच्या आव्यावर, म्हणजे भट्टीवर, द्या. फी शाळा भरेल.

अप्पा : सांगेन. तोवर गोठा.

मला वाटतं, इथेच दोघांचं जमलं होतं आणि ते कबूल करायला दोघंही तयार नव्हते. पुढचा वाद तपशिलाचा, आणि तोच मुलांना घेऊन बाहेर पडणाऱ्यांच्या कामाचा. तो थोडा सविस्तर देतो.

ताई म्हणाली, शहरातल्या स्टुडिओत तिला सर्वांत जास्त खटकतं ते झटपटपण. कित्येक ठिकाणी मुलांना माती द्यायचीच नाही, कारखान्यात भाजून आलेली तयार बशी द्यायची आणि तिच्यावर रंग मारायला लावायचं. दुसरीकडे हवेत आपोआप कडक होणारी पाकिटबंद माती देतात. ती भाजावी लागत नाही, पण पाण्यातही टिकत नाही. पावसाळी दुपार घालवायला दोन्ही ठीक. मातीकाम म्हणून पैसे मोजत असाल तर मात्र विचारून घ्या. खऱ्या मातीची वस्तू आठवडाभर तरी सावलीत वाळते, मग पहिली भाजणी, मग काचेसारखी झिलई चढवून दुसरी. कुंभाराचा आवा 700 ते 900 अंशांपर्यंत जातो, शहरातल्या वीजभट्टीत दगडासारखी कडक भांडी 1200 च्या वर भाजतात, म्हणून ती पाणी पीत नाहीत आणि टणटणीत वाजतात. आपला माठ पाणी झिरपवतो, आणि झिरपवतो म्हणूनच गार ठेवतो. तेव्हा कोणतं श्रेष्ठ हा प्रश्नच नाही, कशासाठी हवं हा प्रश्न आहे.

झिलईबद्दल तिनं एक बजावून सांगितलं. काही रंगीत झिलयांत शिसं असू शकतं. मूल त्या वाटीत दूध पिणार असेल तर खाण्यापिण्याला चालणारी झिलई आहे का ते आधीच विचारावं. सुक्या मातीची धूळही वाईट, तिच्यात सिलिका असते; चांगल्या जागी केरसुणी फिरवत नाहीत, ओल्या फडक्यानं पुसतात. अप्पांनी हे सगळं वहीत लिहून घेतलं. केरसुणी मात्र त्यांनी नुकतीच नवी आणली होती.

अप्पांचा हट्ट वेगळा. त्यांचं म्हणणं, मुलानं भाजणी पाहिलीच पाहिजे. भांडी रचायची, मध्ये गोवऱ्या आणि कपाशीच्या पऱ्हाट्या भरायच्या, वरून राख-मातीचा थर द्यायचा, पेटवायचं आणि निघून यायचं. कोणी कितीही रडलं तरी आवा थंड होईपर्यंत उघडायचा नाही. ज्या पोरानं बैल भरीव केला त्याचा आत अडकलेल्या दमटपणानं फुटणार; ज्यानं पोट पोकरलं त्याचा राहणार. हे मास्तरनं सांगून पटत नाही. म्हणजे एका रविवारची सहल नाहीच ही. एकदा करायला यायचं, आणि आवा उघडायला पुन्हा यायचं.

ताई : लोकांना दोनदा यायला वेळ नसतो.

अप्पा : मग त्यांनी मग विकत घ्यावा.

दोनदा येणाऱ्यांनी मधल्या वेळात काय बघावं तेही अप्पांनी सांगून ठेवलं. चाळीसगावला स्टेशनाजवळ केकी मूस यांचा बंगला आहे. 1912 साली जन्मलेला हा पारशी कलावंत आयुष्याची कित्येक दशकं त्या घराबाहेर क्वचितच पडला. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून डोंगर, बर्फ, वादळ यांचे फोटो काढले. मुलांना ते फोटो दाखवून ‘हे कशाचं केलंय?’ एवढंच विचारावं, तास निघून जातो. अजिंठा जळगावहून 60 किलोमीटरच्या आसपास. तिथली चित्रं मातीच्या गिलाव्यावर आहेत, मातीत भुसा आणि वनस्पतींचे तंतू मिसळून लिंपलेल्या भिंतींवर. चिखलात नुकतेच हात घालून आलेल्या मुलाला ते जास्त चांगलं दिसतं, असं अप्पांचं मत. सोमवारी लेणी बंद असतात, तेवढं लक्षात ठेवावं.

आईबापांनी काय करावं यावर मात्र दोघांचं क्षणात एकमत झालं: काही करू नये. मुलाच्या वाटीचा काठ सरळ करायला बोट पुढे करू नये. ‘छान’ म्हणण्याची घाई करू नये. शक्यतो शेजारी बसून आपलीही एक वाटी करावी, म्हणजे मुलाला कळतं की मोठ्यांचीही वाकडीच होते. कपड्यांना डाग पडतील म्हणून पोराला काठावर उभं करणाऱ्यांना ताईनं एक म्हण ऐकवली, कुंभाराची सून आज ना उद्या उकिरड्यावर येणारच.

शेवटी फी. अप्पांनी शंभर म्हटलं, ताईनं तीनशे. शंभरात बाबांचा रोज, माती, जळण काहीच सुटत नाही, आणि स्वस्तात दिलं की लोक कुंभाराला स्वस्तच समजतात, हे तिचं गणित. तीनशेत असोद्याचं पोर येणार नाही, हे अप्पांचं. गावच्या मुलांना माफ, बाहेरून येणाऱ्यांना तीनशे, असं मी सुचवलं. दोघंही माझ्याकडे असं बघू लागले की मी उठून झोक्यापाशी गेलो. पण दुसऱ्या दिवशी कुंभारबाबांकडे विचारायला गेलो तेव्हा तोच आकडा सांगितला गेला.

बाबांनी फीपेक्षा दुसराच मुद्दा काढला. अप्पांनी पहिला वर्ग पोळ्याच्या आठवड्यात ठरवला होता. बाबा हसले. भर पावसाळ्यात माती वाळत नाही, जळण ओलं असतं, आवा लावायचा कसा? त्यांचे आवे दिवाळीपासून पाऊस लागेपर्यंत. आणि उन्हाळ्यातही जपावं लागतं. 44 अंशांत वस्तू उघडी ठेवली तर इतकी भरभर वाळते की दुपारीच तडकते. सावलीत, ओल्या गोणपाटाखाली, हळूहळू वाळवायची. वर्ग घ्यायचाच तर सुट्टीत घ्या, म्हणाले, आणि रोज ठरल्याप्रमाणे द्या.

तेव्हा मुलांना मातीकामाला न्यायचं मनात असेल तर आपल्या गावच्या, नाहीतर जवळच्या कुंभारवाड्यात जाऊन विचारा, पैसे आधी ठरवा, ठरले ते पूर्ण द्या, आणि आवा उघडायच्या दिवशी पुन्हा जायची तयारी ठेवा. पोळ्याला भाजलेला बैल हवा असेल तर तो मे महिन्यातच करावा लागतो.